वाचवणाऱ्यांना वाचवणारा डॉक्टर

१ जुलै १८९५. लंडनच्या पूर्वेला ईस्ट हॅम येथील सांडपाणी उपसण्याच्या केंद्रातल्या विहिरीत एक कामगार उतरला आणि खाली कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही वर आला नाही. मग तिसरा, चौथा, पाचवा. पाचही जण मरण पावले. नंतरच्या चौघांना विहिरीत काही काम नव्हते. ते फक्त आपल्या सोबत्याला वाचवायला गेले होते. लंडनमध्ये पोस्टमन्स पार्क नावाची एक बाग आहे. दुसऱ्यांसाठी जीव देणाऱ्या साध्या माणसांच्या स्मृतिफलकांची एक भिंत तिथे आहे. या चौघांची नावे त्या भिंतीवर आजही वाचता येतात.

अशी बातमी आपल्यालाही नवी नाही. मैल्याची टाकी साफ करताना एक गुदमरला, त्याला काढायला गेलेले दोघे गेले. विहिरीत उतरलेला मुलगा वर येईना म्हणून वडील उतरले, मग काका उतरले. गाव बदलते, नावे बदलतात, मृत्यूंचा क्रम तोच राहतो. सव्वाशे वर्षांपूर्वी या क्रमाकडे दुर्दैव म्हणून न पाहता शरीरशास्त्राचा प्रश्न म्हणून पाहणारा एक डॉक्टर होऊन गेला. ईस्ट हॅमच्या मृत्यूंचा तपास करणाऱ्या या डॉक्टरचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन. पुढची चाळीस वर्षे त्यांनी खाणी, गटारे, समुद्राचा तळ आणि रणांगण अशा ठिकाणी जाणाऱ्या माणसांच्या श्वासाचा अभ्यास केला. आपत्तीत दुसऱ्याला वाचवायला जाणाऱ्याने स्वतः जिवंत परत कसे यावे, याचे आजचे बरेचसे नियम त्यांच्या कामावर उभे आहेत.

हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. घराणे खानदानी, जमीनजुमला असलेले. भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉन यांनी मात्र वैद्यकशास्त्र निवडले आणि १८८४ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची पदवी घेतली. दवाखाना थाटण्याऐवजी ते डंडी या गिरण्यांच्या शहरात गेले आणि थॉमस कार्नेली या रसायनशास्त्रज्ञाबरोबर हवा तपासू लागले. मध्यरात्रीनंतर गरीब वस्तीतल्या एकेका खोलीत जायचे, सात-आठ माणसे झोपलेली असताना तिथल्या हवेचा नमुना बाटलीत भरायचा आणि कार्बन डायऑक्साइड व जंतू मोजायचे, असे ते काम होते. शाळांमधली हवा तपासली, गटारांमधलीही तपासली.

गटारांच्या तपासणीत एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. वाहत्या, हवा खेळती असलेल्या गटारातली हवा लोक समजत होते तितकी घातक नव्हती. तिच्यातले जंतू बाहेरच्या हवेपेक्षाही कमी भरले. त्या काळी दुर्गंधी म्हणजेच रोग, अशी समजूत अजून पुरती गेलेली नव्हती. हाल्डेन यांना दिसले ते असे की वास हा धोक्याचा मापदंड होऊ शकत नाही. धोका असतो तो जिथे मैला, गाळ साचून कुजतो आणि हवा हलत नाही अशा जागी.

ईस्ट हॅमच्या विहिरीत नेमके हेच घडले होते. तिथला मारेकरी हायड्रोजन सल्फाइड हा वायू होता, असा निष्कर्ष हाल्डेन यांनी काढला. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. थोड्या प्रमाणात तो नाकाला लगेच कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भागांवर गेला की वास घेणाऱ्या नसा बधिर होतात आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, आता हवा सुधारली. प्रमाण आणखी वाढले की मेंदूतील श्वासाचे केंद्रच बंद पडते आणि माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. ओरडायला, शिडी धरायला वेळ मिळत नाही. वरून पाहणाऱ्याला वाटते की पाय घसरून पडला. म्हणूनच तो मदतीला धावतो.

याच सुमारास हाल्डेन दुसऱ्या एका वायूचा पिच्छा पुरवत होते. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की माणसे भाजून किंवा दगडाखाली दबून मरतात, असाच सर्वसाधारण समज होता. २७ जानेवारी १८९६ रोजी साउथ वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मरण पावले. हाल्डेन तिथे गेले, खाणीत उतरले, एकेक मृतदेह त्यांनी तपासला. अनेकांच्या अंगावर भाजल्याची किंवा मार लागल्याची प्राणघातक खूण नव्हती. त्वचा आणि रक्त मात्र गुलाबी, जिवंत माणसासारखे दिसत होते. ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची ओळख होय. त्याच वर्षी त्यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालाने खाणसुरक्षेची दिशा बदलली. स्फोटातल्या बहुसंख्य मृत्यूंचे कारण स्फोट नसून त्यानंतर बोगद्यांत पसरणारा विषारी वायू आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले.

या निष्कर्षात दोन अर्थ दडलेले होते. पहिला अर्थ आशेचा होता. स्फोटानंतर बरीच माणसे काही काळ जिवंत असतात, तेव्हा सुटकेची वाट आणि श्वासाची सोय आधीच केलेली असेल तर ती वाचू शकतात. दुसरा अर्थ बचाव पथकासाठी इशारा होता. स्फोट संपला, आग विझली, आता आत जायला हरकत नाही, असे वाटण्याचा क्षण हाच सर्वांत धोक्याचा असतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे रक्त वाहत राहते, पण त्यातून ऑक्सिजन पोहोचत नाही. हे माणसाच्या शरीरात किती वेळात, किती प्रमाणात होते, हे कळण्यासाठी हाल्डेन यांनी प्रयोगासाठी निवडलेला माणूस म्हणजे ते स्वतः. मोजून मिसळलेली विषारी हवा ते नळीने घेत, ठरावीक वेळाने आपले रक्त तपासत आणि नाडी, श्वास, दृष्टी, चाल, विचारशक्ती यांची नोंद करत. त्यांनी आपले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या वायूने भरू दिले. तेव्हा त्यांना धड चालता येत नव्हते, पायऱ्या चढता येत नव्हत्या. १८९५ मध्ये त्यांनी हे सगळे प्रसिद्ध केले. आजही विषबाधेच्या रुग्णाचे रक्त तपासताना आम्ही डॉक्टर जे टक्केवारीचे टप्पे लक्षात ठेवतो, त्यांची सुरुवात तिथे आहे.

या प्रयोगांतून त्यांना खाणकामगारांच्या एका जुन्या भरवशाची मर्यादा दिसली. हवा चांगली आहे की नाही हे पाहायला कामगार दिवा पुढे धरत. दिवा मंदावला की मागे फिरायचे. ऑक्सिजन कमी असेल तेव्हा ही खूण उपयोगी पडते. माणसाला फारसे जाणवण्याआधीच ज्योत विझते. पण कार्बन मोनॉक्साइड अगदी थोडा असला तरी मारतो आणि तेवढ्याने ज्योतीवर काहीच परिणाम होत नाही. दिवा छान जळत राहतो, माणूस मरतो. मग इशारा देणार कोण? हाल्डेन यांनी सुचवले, लहान प्राणी. उंदीर किंवा छोटा पक्षी आकाराने लहान, पण त्याचा श्वास आणि रक्ताभिसरण फार वेगवान. माणसाच्या रक्तात वायू साठायच्या कितीतरी आधी तो गळून पडतो. त्या अवधीत पथकाने माघारी फिरायचे.

यातूनच कॅनरी पक्षी बचाव पथकांच्या हाती आले. उंदरापेक्षा पक्षी बरा, कारण तो दांडीवरून डोलू लागला की लांबूनही दिसतो. पुढे अशा पिंजऱ्यांना ऑक्सिजनची छोटी नळकांडीही बसवली गेली. पक्षी कोसळला की झडप लावून ऑक्सिजन सोडायचा. बहुतेकदा तो शुद्धीवर येई. ब्रिटनच्या खाणींमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. तेव्हा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी दोनशेहून अधिक कॅनरींची जागा घेतली. उपकरण बदलले, पण त्यामागचा नियम टिकून राहिला. आपल्या शरीराने इशारा देण्याची वाट पाहायची नाही, त्याआधी इशारा देणारे काहीतरी हातात ठेवूनच पाऊल टाकायचे.

शरीराच्या इशाऱ्यावर का विसंबू नये, याचे उत्तर मे १८९७ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर मिळाले. तिथल्या स्नेफेल खाणीत आग लागून कार्बन मोनॉक्साइडने वीस जणांचा बळी घेतला. तपासासाठी उतरलेल्या पथकात खाण निरीक्षक क्लेमंट ल नेव्ह फॉस्टर होते. या वायूची त्यांच्याइतकी माहिती असणारी माणसे तेव्हा थोडीच होती. तरीही ते त्यात सापडले. मृत्यू जवळ आला असे समजून त्यांनी खिशातल्या वहीत बायको-मुलांचा निरोप घेणारी वाक्ये लिहिली, तीच ती पुनःपुन्हा लिहिली. नंतर ते बचावले आणि आपला अनुभव त्यांनी शास्त्रीय शिस्तीने नोंदवला. हालचाल करून वर जायला हवे, ही साधी इच्छाच त्या वायूने नाहीशी केली होती. पुढे फॉस्टर आणि हाल्डेन या दोघांनी खाणीतल्या हवेच्या तपासणीवर ग्रंथ संपादित केला. तो १९०५ मध्ये निघाला, तेव्हा फॉस्टर हयात नव्हते.

हाल्डेन यांच्या घरातही अशीच एक हकिगत सांगितली जाई. एका खाण दुर्घटनेनंतर वर आल्यावर त्यांनी पत्नीला आपण सुखरूप असल्याची तार केली. थोड्या वेळाने पुन्हा केली. मग पुन्हा. आधीची तार केल्याचे त्यांना आठवतच नव्हते. वायू अजून मेंदूवर होता. ऐकायला हा किस्सा गमतीचा वाटतो, पण यातून बचावकार्याचा एक महत्त्वाचा नियम निघतो. परत कधी फिरायचे, हा निर्णय आत असलेल्या माणसावर सोडता येत नाही. त्याचा मेंदू सर्वांत आधी फसलेला असू शकतो. तो निर्णय बाहेर, चांगल्या हवेत उभ्या असलेल्या माणसाने घड्याळ पाहून आणि आधी ठरवलेल्या मर्यादेनुसार घ्यायचा असतो.

आपल्या मुलालाही ते हे शिकवत होते. मुलगा लहान असताना त्यांनी त्याला एका खाणीत नेले आणि छताजवळ तोंड करून उभे राहायला, शाळेत पाठ केलेले एक नाट्यभाषण म्हणायला सांगितले. थोड्याच ओळींनंतर मुलाला धाप लागली आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडताच त्याचा श्वास ठीक झाला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साचतो, हा धडा त्याला जन्मभरासाठी मिळाला. आजच्या पालकांना ही पद्धत मान्य होणार नाही. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन, पुढे जगप्रसिद्ध झालेले जीवशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला निवर्तले. मृत्यूनंतर आपला देह त्यांनी आंध्र प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. शरीर विज्ञानाच्या कामी लावण्याची घरची रीत त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

१९०५ मध्ये हाल्डेन यांनी जॉन प्रिस्टली या सहकाऱ्यासह श्वसनाच्या शास्त्रातला एक मूलभूत शोध लावला. आपण दर मिनिटाला किती श्वास घ्यायचा, हे मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो, ऑक्सिजनची कमतरता नव्हे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षी शिकवतात. बचावकार्यात त्याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. एखाद्या जागी ऑक्सिजन कमी असेल पण कार्बन डायऑक्साइड साठलेला नसेल, तर माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. धाप लागत नाही, छातीत दडपण येत नाही. थोडे हलके वाटते आणि गुडघे सोडतात. जीव घाबरा झाला की परत येईन, असे म्हणून उतरणाऱ्याचा जीव घाबरा होतच नाही.

श्रमाचा हिशेबही त्यांनी मांडला. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. झपाझप चालणाऱ्याला त्याच्या दहापट, म्हणजे सुमारे अडीच लिटर लागतो. आता जड साहित्य पाठीवर घेऊन, वाकून, ढिगाऱ्यातून जखमी माणसाला ओढणाऱ्याचा विचार करा. त्या काळची पाठीवर बांधायची श्वसनयंत्रे प्रयोगशाळेत चांगली चालत, पण श्रम वाढले की कमी पडत. हाल्डेन यांनी अशी यंत्रे अंगावर चढवून, प्रत्यक्ष काम करून तपासली आणि त्यांतील उणिवा दाखवल्या. ज्याला हे यंत्र वापरायचे आहे त्याने ते आपत्तीच्या दिवशी पहिल्यांदा हातात घेऊ नये, हे या तपासणीतून ओघानेच आले. १९१० मध्ये ब्रिटनमध्ये खाण अपघातांतील बचाव आणि प्रथमोपचारासाठी कायदा झाला आणि त्यानंतर बचाव केंद्रे व प्रशिक्षित पथके उभी राहिली. अपघात थांबले नाहीत. १९१३ मध्ये वेल्समधील सेंगेनिथ खाणीत ४३९ कामगार आणि एक बचावकर्ता मरण पावला. पण आता मदतीला जाणे हे जमावाच्या धावपळीवर न राहता तालमीचे काम झाले होते.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम पाण्याखालचे आहे. बुडालेली जहाजे, पुलांचे पाये अशा कामांसाठी खोल जाणारे पाणबुडे वर आल्यावर सांध्यांच्या वेदनांनी तळमळत, कुणाला लकवा होई, कुणी मरे. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा. ब्रिटिश नौदलाने हा प्रश्न हाल्डेन यांच्याकडे सोपवला. त्यांनी दाबाच्या कोठडीत बोकड-शेळ्यांवर प्रयोग केले, कारण त्यांचे आकारमान माणसाच्या जवळ जाते आणि वेदना होऊ लागली की त्या पाय उचलून धरतात, ते लगेच कळते. त्यांच्या ध्यानात आले की शरीर दाबात निम्म्याने होणारी घट सहन करते. तेव्हा ठरावीक उंचीपर्यंत लवकर यायचे, मग टप्प्याटप्प्याने थांबत यायचे. १९०८ मध्ये आर्थर बॉयकॉट आणि नौदल अधिकारी गाय डॅमंट यांच्यासह त्यांनी हे कोष्टक छापले. किती खोल, किती मिनिटे, वर येताना कुठे किती वेळ थांबायचे, सगळे आकड्यांत.

या कोष्टकाची कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धात. जानेवारी १९१७ मध्ये आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ ‘लॉरेंटिक’ हे जहाज सुरुंगांनी बुडाले. त्यात सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. त्या काढण्याचे काम डॅमंट यांच्याकडे आले. थंडगार पाणी, वादळे, दबून चपटे झालेले जहाज, यांच्याशी झुंजत ते काम १९२४ पर्यंत चालले. पाच हजारांहून अधिक वेळा पाणबुडे खाली गेले. २५ विटा सोडून सगळे सोने वर आले आणि एकही पाणबुड्या दगावला नाही. सोन्याची गोष्ट सगळ्यांना आठवते. डॉक्टर म्हणून मला त्यातला शेवटचा आकडा मोठा वाटतो. कामाची घाई युद्धकाळातल्या सरकारला होती, तरी वर येण्याचा वेग कोष्टकाने ठरवला, घाईने ठरवला नाही.

उष्णतेकडेही त्यांचे लक्ष गेले होते. कॉर्नवॉलच्या खोल, दमट खाणींमध्ये आणि प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि १९०५ मध्ये दाखवून दिले की माणसाची सहनशक्ती साध्या तापमापकावर कळत नाही. ओल्या कापडाने गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा पाहावा लागतो, कारण घाम वाळला तरच शरीर थंड होते. स्थिर हवेत हा आकडा सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की अंगावर कपडे नसतानाही शरीराचे तापमान चढू लागते. मग रबरी बूट, जाड पोशाख आणि मास्क घालून राबणाऱ्याचे काय होत असेल? कोकणात किंवा मुंबईत पुरानंतर गाळ उपसणाऱ्या माणसांना हा हिशेब थेट लागू होतो. कामाच्या पाळ्या छोट्या ठेवणे, सावलीत सक्तीची विश्रांती, पाणी आणि मीठ-साखर यांना चैन समजता येत नाही.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. युद्धमंत्री किचनर यांनी हाल्डेन यांना तातडीने फ्रान्सला पाठवले. त्यांनी जखमी सैनिक आणि मृतदेह पाहून वायू ओळखला आणि बचावाची साधने तपासायला घेतली. देशभरातून बायका कापसाच्या घड्या शिवून पाठवत होत्या. भावना खरी होती, पण कोरडी घडी वायू अडवत नव्हती आणि ओल्या घडीतून श्वास घेता येत नव्हता. हाल्डेन, त्यांचा मुलगा आणि सहकारी क्लोरीन भरलेल्या कोठडीत वेगवेगळे मास्क लावून बसत आणि कोणता चालतो ते ठरवत. कोविडच्या काळात चेहऱ्यावर नीट न बसणारे मास्क आणि आकाराने न जुळणारे पोशाख घालून काम केलेल्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. साधन दिल्याची नोंद वहीत होते, पण ते वापरून पाहिलेले नसते. त्यातून मिळणारे खोटे धैर्य माणसाला धोक्याच्या अधिक जवळ नेते. त्याच युद्धात वायूने फुप्फुसे जळालेल्या सैनिकांना मोजून-मापून ऑक्सिजन देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. वॉर्डात खाटेशेजारी दिसणाऱ्या ऑक्सिजनच्या उपचारामागे तेही काम आहे.

हाल्डेन यांच्या आयुष्यातून आजच्यासाठी काय घ्यायचे? त्यांच्यासारखे स्वतःवर प्रयोग कुणी करायचे नाहीत. ते करून झाले आहेत, आकडे हाती आहेत. बंदिस्त जागेतल्या हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर श्वसनयंत्राशिवाय आत जायचे नाही, हा आज जगभर पाळला जाणारा निकष आहे. ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चारही एकदम मोजणारे यंत्र तळहाताएवढे असते. ते दोरीने आधी खाली सोडायचे. वर-मधे-तळाशी असे तिन्ही ठिकाणी मोजायचे, कारण मिथेन वर जातो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. पंख्याने हवा खेळवायची. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोर हवा, वर तिपाई हवी, म्हणजे तो कोसळला तर कुणी खाली न उतरता त्याला ओढून घेता येते. वर उभ्या माणसाचे काम एकच, लक्ष ठेवणे. त्याने काहीही झाले तरी उतरायचे नाही.

घरगुती आणि गावपातळीवरच्या दोन गोष्टी इथे मुद्दाम सांगतो. विहिरीत किंवा टाकीत कंदील, मेणबत्ती सोडून हवा तपासू नये. विषारी वायू त्याने कळत नाही आणि मिथेन असला तर भडका उडतो. दुसरे, पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत, तळघरात उतरवू नये. पुरानंतर वीज नसताना जनरेटर घरात, दुकानात, जिन्याखाली लावू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि पुरातून वाचलेली माणसे पूर ओसरल्यावर मरतात. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे एकाच घरातल्या सगळ्यांना एकदम सुरू झाली तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग कारण शोधा.

गटारे आणि मैल्याच्या टाक्यांच्या बाबतीत आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे. अशा सफाईत मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. भरपाई मृत्यूनंतर मिळते. तिच्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात वायुमापक, पंखा, तिपाई आणि पट्टा येतो. आणि धोका वायूचाच असतो असेही नाही. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीसाठी रात्री डोंगर चढणारा अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच कोसळून मरण पावला. चढण, पाऊस, जागरण, वय आणि हृदयाची अवस्था यांचाही हिशेब पथक पाठवण्याआधी करायचा असतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात बाधितांची संख्या, निवारे, धान्य यांचे तक्ते असतात. मदतीला जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, लसी, पाळ्या, श्वसनाची साधने आणि माघारी कधी फिरायचे याचा तक्ता त्यात आहे का, हे आपल्या पालिकेला आणि ग्रामपंचायतीला नागरिकांनी विचारायला हवे. पावसाळ्याआधी विचारलेले बरे.

हाल्डेन अखेरपर्यंत काम करत राहिले. पंचाहत्तरीत ते इराणच्या तेल उद्योगातील कामगारांच्या उष्माघाताचा तपास करायला गेले. परत आल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचे निधन झाले. आयुष्यभर ज्या वायूंशी ते खेळले, त्यांपैकी एकाही वायूने त्यांचा जीव घेतला नाही. ते धाडसी होते, पण धाडस करताना किती वायू, किती मिनिटे आणि शेजारी कोण लक्ष ठेवून उभे आहे, हे त्यांनी दर वेळी आधी ठरवलेले असे. ईस्ट हॅमच्या विहिरीत उतरलेल्या चौघांचे धाडस त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते. त्यांना हवा मोजून देणारे कुणी नव्हते, एवढाच फरक होता.